सीबी रेडिओ : पाठ आणि पाठभेद

एखादी वस्तू ‘अमुक कामासाठी’ केलेली आहे, असे आपण सहज म्हणून जातो. अडकित्ता सुपारीसाठी, पाटा वाटणासाठी, रेडिओ ऐकण्यासाठी. परंतु हे ‘साठी’ त्या वस्तूत नेमके कुठे असते, असा प्रश्न सहसा पडत नाही. अडकित्त्याच्या पात्याच्या वळणात ते निदान डोळ्यांना दिसते. वस्तू जितकी गुंतागुंतीची, तितके ते दिसेनासे होत जाते. साहित्याच्या वर्गात हाच प्रश्न आपण निराळ्या शब्दांत विचारतो : कृतीचे प्रयोजन कुठे असते? लेखकाच्या मनात, संहितेत, की वाचकाच्या वाचण्यात? या वादाच्या तिन्ही बाजूंचे आम्ही बरेच वाचले आहे आणि वर्गात त्यावर बोललोही आहोत. तरीही त्याविषयी आमचे मत काहीसे पक्के झाले ते एका जुन्या सीबी रेडिओचे झाकण उघडून, त्याच्या आतले सर्किट समजून घेऊन, त्याला दुसऱ्या कामाला लावताना. प्रस्तुत लेखात तो अनुभव आणि त्यातून निघणारा विचार मांडायचा आहे. विजेच्या मंडलांची ज्यांना ओळख नाही, अशा वाचकांनीही बिचकू नये. जे सांगायचे आहे ते वाचण्याविषयीच आहे.

सीबी म्हणजे ‘सिटिझन्स बँड’, नागरिकांचा पट्टा. ही मूळची अमेरिकन गोष्ट, आणि तिचा इतिहास ठाऊक असल्याशिवाय यंत्राची रचना कळत नाही. १९५८ साली अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा, अकरा मीटर तरंगलांबीचा पट्टा हौशी बिनतारी संदेशकांकडून, म्हणजे ‘हॅम’ मंडळींकडून, काढून घेतला आणि सर्वसामान्य नागरिकांना खुला केला. शेतकऱ्याने शेतातून घराशी, दुकानदाराने आपल्या गाडीवरच्या माणसाशी बोलावे, एवढीच कल्पना. चॅनेल तेवीस. परवाना लागे, पण हॅमला द्यावी लागते तशी परीक्षा नसे.

पुढे १९७३च्या तेलटंचाईनंतर, जानेवारी १९७४मध्ये, अमेरिकेत सर्वत्र ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा लागू झाली. डिझेल कुठल्या पंपावर मिळते आहे आणि पोलीस कुठल्या पुलाआड थांबले आहेत, हे ट्रकचालक एकमेकांना सीबीवरून सांगू लागले. एकोणिसावा चॅनेल हा त्यांचा चव्हाटा झाला. नववा संकटकाळासाठी राखलेला. १९७५मध्ये ‘कॉन्व्हॉय’ हे गाणे आणि १९७७मध्ये ‘स्मोकी अँड द बँडिट’ हा चित्रपट आला आणि ट्रकचालकांची बोली घराघरांत पोचली. या पट्ट्यावर प्रत्येकाचे एक टोपणनाव असे, ‘हँडल’. अध्यक्ष फोर्ड यांच्या पत्नी बेटी फोर्ड ‘फर्स्ट मामा’ या नावाने बोलत. केशवसुत, गोविंदाग्रज, कुसुमाग्रज यांच्या परंपरेत वाढलेल्या मराठी वाचकाला टोपणनावाचे नवल वाटू नये. फरक इतकाच, की कवीचे टोपणनाव छापील पानावर राहते, आणि हँडल मात्र माइकचे बटण सोडताच हवेत विरून जाते. गर्दी वाढली म्हणून १ जानेवारी १९७७पासून चॅनेल चाळीस झाले. १९८३मध्ये परवान्याची अटही गेली. मोबाइल फोन आल्यावर बहुतेक लोक पांगले. तरी महामार्गालगत एकोणिसावा चॅनेल आजही अगदी मुका नाही.

भारतात या पट्ट्याला अशी लोककथा लाभली नाही. २००५च्या नियमांनी २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा भाग कमी शक्तीच्या यंत्रांसाठी परवानामुक्त झाला खरा. परंतु आपल्याकडच्या घरांत हा पट्टा शिरला तो मुख्यतः रिमोटवर धावणाऱ्या खेळण्यातल्या मोटारींतून. त्यांपैकी पुष्कळ मोटारी २७.१४५ मेगाहर्ट्झवर चालतात. ही संख्या सीबीच्या पंधराव्या आणि सोळाव्या चॅनेलच्या बरोबर मधली आहे. चॅनेल एकमेकांपासून दहा किलोहर्ट्झवर असले, तरी अशा पाच जागा दूरनियंत्रणासाठी मोकळ्या सोडलेल्या आहेत. शिवाय तेविसावा चॅनेल २७.२५५वर आणि चोविसावा त्याच्या खाली, २७.२३५वर. कारण उघड आहे : तेवीस चॅनेलची आवृत्ती आधीची, चोविसावा नंतर भरलेला. क्रमाचा असा भंग दिसला की पोथीचा अभ्यासक जसा सावध होतो, तसेच इथे व्हावे लागते. यंत्राच्या क्रमांकातही पूर्वीच्या आवृत्तीची खूण उरलेली असते.

आमचा संच आम्हांला ओहायो राज्यातील झीनिया येथे भरणाऱ्या ‘हॅमव्हेन्शन’ या मेळ्याच्या जुन्या बाजारात पंधरा डॉलरला मिळाला. चाळीस चॅनेलचा, सत्तरच्या दशकाच्या अखेरचा, केवळ एएम पद्धतीने बोलणारा. आमच्याकडे अमेरिकेतील हौशी बिनतारी सेवेचा जनरल श्रेणीचा परवाना आहे. त्यामुळे अकरा मीटरच्या शेजारच्या दहा मीटर पट्ट्यावर, म्हणजे २८ ते २९.७ मेगाहर्ट्झच्या दरम्यान, आम्हांला प्रक्षेपण करता येते. जुना सीबी दहा मीटरवर आणणे हा हॅम मंडळींचा आवडता उद्योग आहे. १९५८मध्ये जो पट्टा गमावला, त्या पट्ट्यावरची यंत्रे अशा रीतीने एकेक करून आपल्याकडे वळवण्यात काही काव्यात्म न्याय असावा. संच आम्ही त्या हेतूनेच घेतला. घरी आणून झाकण काढले, तेव्हा पत्र्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेले कोणाचे तरी हँडल आणि त्याखाली १९ हा आकडा, दोनदा अधोरेखित केलेला, असे दिसले. ते नाव आम्ही इथे देत नाही. पण त्या क्षणापासून आमच्या हाती नुसते यंत्र नव्हते. कोणीतरी वापरून, खुणा करून ठेवलेली एक प्रत होती.

प्रतीला भाष्यही उपलब्ध होते. इंडियानापोलिसच्या सॅम्स प्रकाशनाने त्या काळी शेकडो सीबी संचांचे नकाशे छापले. त्यांत प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या पायाशी किती व्होल्ट असायला हवेत, हेही दिलेले असते. असा नकाशा डावीकडून उजवीकडे वाचायचा नसतो. प्रथम वीज कुठून कुठे जाते ते बोटाने गिरवायचे, मग ऐकण्याची वाट, मग बोलण्याची. असे दोनतीनदा केल्यावर ध्यानात येते की या दोन वाटा जागोजागी एकाच भागातून जातात. सर्वांत मनोहर उदाहरण ध्वनिवर्धकाचे. ऐकताना जो वर्धक दूरच्या माणसाचा आवाज स्पीकरपर्यंत पोचवतो, तोच बोलताना आपला आवाज मोठा करून एका ट्रान्सफॉर्मरमधून प्रक्षेपकाच्या शेवटच्या टप्प्याला पुरवतो. त्या टप्प्याला मिळणारी वीज आपल्या बोलण्याबरोबर कमीजास्त होते आणि वाहक लहरीची उंची तिच्याबरोबर हलते. एएम म्हणजे एवढेच. पण म्हणूनच बटण दाबून ठेवले असता हे यंत्र काहीच ऐकू शकत नाही. त्याचा कान आणि त्याचा कंठ एकच आहेत, आणि ते एका वेळी एकच काम करतात.

आता चॅनेलकडे. एका संचातून चाळीस निरनिराळ्या वारंवारता कशा निघतात? तेवीस चॅनेलच्या जुन्या संचांत क्वार्ट्झचे डझनभर क्रिस्टल असत आणि त्यांच्या जोड्या लावून चॅनेल तयार होत. चाळीस चॅनेलच्या काळात ही रीत मागे पडली आणि ‘फेज-लॉक्ड लूप’ आला. त्याचे काम गाण्याच्या बैठकीच्या दृष्टान्ताने सांगता येईल. यात एक ऑसिलेटर आहे, जो गायकासारखा आहे : हवा तो स्वर लावू शकतो, पण स्थिर राहत नाही. एक क्रिस्टल आहे, जो तंबोऱ्यासारखा आहे : त्याला एकच स्वर येतो, पण तो ढळत नाही. आणि या दोहोंमध्ये कान देऊन बसलेली एक चिप आहे, जी गायकाचा स्वर तंबोऱ्याशी ताडून पाहते आणि जरा उतरला की चढवते, चढला की उतरवते. हे ताडणे क्षणोक्षणी चालू असते.

आमच्या संचातली चिप ‘पीएलएल ०२ ए’ ही होती. जपानच्या सायबरनेट कंपनीच्या बोर्डांवर ती फार वापरली गेली, आणि हे बोर्ड अनेक ब्रँडच्या नावांखाली विकले गेले. मुखपृष्ठे निरनिराळी, आतली संहिता एकच. या रचनेतले गणित इतके स्वच्छ आहे की ते इथे दिल्यावाचून राहवत नाही. तंबोऱ्याचा क्रिस्टल १०.२४० मेगाहर्ट्झचा. त्याला १०२४ने भागले की बरोबर दहा किलोहर्ट्झ मिळतात. चॅनेलचे मूळ अंतरही तेवढेच. दुसरा क्रिस्टल ११.८०६६ मेगाहर्ट्झचा. त्याची तिप्पट केली की ३५.४२. गायक, म्हणजे बदलता ऑसिलेटर, पहिल्या चॅनेलला ३७.६६वर गातो. त्यातून ३५.४२ वजा केले की उरतात २.२४ मेगाहर्ट्झ, म्हणजे दहा किलोहर्ट्झची २२४ पावले. चिपला फक्त ही २२४ची संख्या सांगायची. प्रक्षेपणाच्या वेळी ३७.६६मधून तिसऱ्या क्रिस्टलचे १०.६९५ वजा होतात आणि २६.९६५ निघतात : पहिला चॅनेल. आणि हे १०.६९५ आले कुठून? १०.२४०मध्ये ०.४५५ मिळवले की तेच होतात, आणि ४५५ किलोहर्ट्झ ही जुन्या घरगुती रेडिओंतही वापरात असलेली मधली वारंवारता. ग्रहण करताना तंबोऱ्याचाच क्रिस्टल आणखी एक काम करतो आणि आलेला संदेश ४५५वर उतरवतो. कुठलाही आकडा ओढूनताणून आणलेला नाही. प्रत्येकाचे कारण शेजारच्या आकड्यात आहे.

इथे आमच्या मूळ प्रश्नाच्या उत्तराचा पहिला धागा हाती लागला. पहिल्या चॅनेलसाठी चिपला २२४ सांगावे लागतात, चाळिसाव्यासाठी २६८. परंतु या चिपला नऊ पाय आहेत ज्यांवर ही संख्या द्विमान पद्धतीने मांडायची असते, आणि नऊ पायांवर ५११पर्यंतची संख्या मांडता येते. तेव्हा चाळीस चॅनेलची मर्यादा चिपमध्ये नाहीच. ती आहे समोरच्या गोल खटक्यात, जो शेकडो संभाव्य संख्यांपैकी चाळीसच उच्चारतो. ही गोष्ट ज्यांना कळली त्यांनी त्या काळी कायद्याबाहेरच्या वारंवारतांवर बोलण्यासाठी तिचा भरपूर गैरवापर केला. पुढच्या चिपांमध्ये म्हणून मर्यादा आतच कोरली गेली : खटक्याने काहीही सांगितले तरी चिप चाळीसखेरीज काही बोलत नाही. मर्यादा असणे आणि मर्यादा कुठे ठेवली आहे हे माहीत असणे, या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत, हे छंद:शास्त्र शिकवणाऱ्यांना निराळे सांगायला नको.

परंतु आमच्या आधी या संचाला कोणीतरी हात लावला होता. ध्वनीच्या भागात एक छोटा ट्रान्झिस्टर असतो, ज्याचे काम बोलण्याला आवर घालणे. आपण माइकजवळ जाऊन ओरडलो की तो वर्धकाला मागे खेचतो, जेणेकरून वाहक लहर शंभर टक्क्यांच्या पलीकडे वाकवली जाऊ नये. त्याचा एक पाय कापलेला आढळला. सीबीच्या जगात हा प्रकार सर्रास चाले. उद्देश एकच, आवाज मोठा निघावा. तो निघतोही. पण मर्यादेपलीकडे गेलेली लहर खालच्या टोकाला तुटते, आणि तुटलेल्या लहरीचे शिंतोडे शेजारच्या चार चॅनेलांवर उडतात. बोलणाऱ्याला वाटते आपण दूरवर पोचलो. ऐकणाऱ्याला खरखरीखेरीज फारसे काही मिळत नाही आणि शेजारच्यांचे बोलणे बुडते. आम्ही प्रथम तो पाय जोडला. दुसऱ्याने केलेला बदल पुसून टाकण्याचा आम्हांला काय अधिकार, असे कोणी विचारील. त्यावर आमचे म्हणणे असे की तो बदल हे वाचन नव्हते. एक भाग काय करतो हे न पाहता, तो अडथळा आहे एवढेच गृहीत धरून तो तोडला होता. यंत्राचा उपयोग बदललाच नव्हता. त्याच उपयोगातला दुसऱ्याविषयीचा विचार तेवढा काढून टाकला होता.

आमचा बदल कागदावर दिसायला याहूनही लहान होता. ३५.४२ऐवजी ३७.४२ मिळाले तर सगळे दोन मेगाहर्ट्झने वर सरकणार. ३७.४२ला तीनने भागले की १२.४७३३. त्या वारंवारतेचा क्रिस्टल मागवला, जुन्याचे दोन डाग सोडवून नवा बसवला. खटका तोच, संख्या त्याच, २२४ आणि पुढे. पण आता पहिला चॅनेल २६.९६५ऐवजी २८.९६५ व्हायला हवा. संच सुरू केला, आणि तो पूर्णपणे मुका होता.

हे अपेक्षितच होते, आणि या उद्योगाचा खरा गाभा इथूनच सुरू होतो. क्रिस्टल बदलून आपण यंत्राला नवा षड्ज दिला. पण सारंगीच्या मुख्य तारांचा स्वर बदलला आणि तरफेच्या तारा जुन्याच स्वरात राहिल्या, तर त्या गुंजत नाहीत. रेडिओत प्रत्येक टप्प्याला अशी एक तरफ असते : तारेचे वेटोळे आणि कपॅसिटर यांची जोडी, जी एका ठरावीक वारंवारतेलाच प्रतिसाद देते. भौतिकशास्त्राच्या मराठी पुस्तकांत याला अनुनाद म्हणतात, आणि इतका सुंदर शब्द काव्यशास्त्राने वापरला असता तरी शोभला असता. कॉइलच्या पोटात फेराइटचा एक आटेदार गाभा असतो. तो प्लॅस्टिकच्या चावीने केसभर फिरवायचा, आणि मीटरचा काटा पाहायचा. धातूची चावी चालत नाही, कारण तिच्या नुसत्या जवळ असण्याने स्वर बदलतो.

प्रथम गायक असलेल्या ऑसिलेटरची कॉइल फिरवली, तेव्हा लूप जुळला. तो जुळल्याखेरीज यंत्र प्रक्षेपण होऊच देत नाही. आता संच बोलू लागला, पण पुटपुटल्यासारखा : चार वॅटच्या जागी अर्धा वॅटही नाही. मग मिक्सरनंतरच्या कॉइल, मग मधला टप्पा, मग शेवटचा. प्रत्येक ठिकाणी काटा थोडा चढे, मग मागच्या टप्प्याकडे परत जावे लागे, कारण पुढचा जुळला की मागचा पुन्हा थोडा ढळतो. हे सारे चालू असताना अँटेनाच्या जागी पन्नास ओहमचा डमी लोड लावलेला, जो सगळी शक्ती उष्णतेत जिरवतो आणि बाहेर काही जाऊ देत नाही. दार लावून केलेला रियाजच तो. तीन संध्याकाळी गेल्या. अखेरीस काटा साडेतीन वॅटवर स्थिरावला. मग ग्रहणाच्या बाजूच्या, अँटेनालगतच्या कॉइल अशाच लावल्या.

आणि काही कॉइलना हातही लावायचा नव्हता. १०.६९५ आणि ४५५ यांच्याशी संबंधित सारे टप्पे जसेच्या तसे राहिले, कारण आपण दोन मेगाहर्ट्झ वर गेलो तरी त्या दोन मधल्या वारंवारता बदलत नाहीत. बाहेरून सगळ्या कॉइल सारख्याच दिसतात, पत्र्याच्या चौकोनी टोपीत लपलेल्या. कुठली नव्या कामाची आणि कुठली दोन्ही कामांना सामाईक, हे बोर्डाकडे पाहून कळत नाही. नकाशा वाचला तरच कळते. भाषांतर करणाऱ्यांना ही अडचण ओळखीची वाटेल. शब्द तर बदलायचेच असतात, पण कवितेतले नेमके काय तसेच राहू द्यायचे, हे ज्याला कळले नाही त्याच्या हातून शब्दांबरोबर कवितेचा कणाही निघून येतो.

नव्या जागेचे नियमही वाचावे लागले. आमचा चौथा ते एकोणिसावा चॅनेल आता २९.००५ ते २९.१८५ या वारंवारतांवर येतो, आणि अमेरिकेतील हॅम मंडळींच्या आपसांतल्या संकेतानुसार २९.० ते २९.२ हा भाग एएमवाल्यांचा आहे. तिसावा चॅनेल मात्र २९.३०५वर पडतो. तिथून २९.५१पर्यंतचा भाग हौशी उपग्रहांच्या क्षीण संदेशांसाठी सोडलेला आहे. तेव्हा शेवटच्या अकरा चॅनेलांवर आम्ही ऐकतो, बोलत नाही. खटका तिथे जातो. आम्हीच जात नाही. अँटेनाही कमी करावी लागली. तरंगलांबीच्या चौथ्या हिश्श्याची दांडी २७.१८५साठी २.७६ मीटर, २९.१८५साठी २.५७. फरक जेमतेम वीतभर, पण तेवढी वीत कापली नाही तर सगळी मेहनत यंत्राकडे परत येऊन त्यालाच तापवते.

एवढे झाल्यावर पुन्हा विचारले : या संचाचे ‘सीबीसाठी’ असणे कुठे होते? क्रिस्टलमध्ये? तो बदलला तेव्हा यंत्र दहा मीटरचे झाले नाही, केवळ सीबीचे राहिले नाही. चिपमध्ये? चिपला तर तेव्हाही आणि आताही २२४ एवढेच कळते. खटक्यात? त्याला आम्ही शिवलोही नाही. ते कुठल्याच एका भागात नव्हते. ते सर्व भागांनी एकमेकांशी केलेल्या करारात होते, आणि म्हणून एका जागी मोडून संपण्यासारखे नव्हते. लेखकाचा हेतू संहितेत एखाद्या कळीच्या शब्दात सापडेल या भरवशावर शोधणारे, आणि हेतू म्हणून काही नसतेच, वाचक हवा तो अर्थ लावू शकतो असे म्हणणारे, दोघेही आम्हांला आता सारखेच घाईचे वाटतात. हवा तो अर्थ लावता येतो हे खरे. पण जुना अर्थ ज्या ज्या टप्प्यावर लावून ठेवला आहे, त्या प्रत्येक टप्प्यापाशी जाऊन बसावे लागते. त्याखेरीज नवा अर्थ पुटपुटतो, दूर जात नाही. काव्यशास्त्राने ज्याला सहृदय म्हटले, त्याचे काम म्हणूनच स्वैर नसते. त्याला आपल्या आतल्या तारा दुसऱ्याच्या स्वरात लावून घ्याव्या लागतात.

मात्र एका गोष्टीने आम्हांला थांबवले होते, आणि तिचा उल्लेख टाळणे बरोबर होणार नाही. बदल करण्यापूर्वी आठवडाभर संध्याकाळी आम्ही हा संच आहे तसा लावून एकोणिसावा चॅनेल ऐकत होतो. बहुतेक वेळ खरखर. मध्येच एखादा ट्रकचालक पुढे अपघात झाल्याचे, उजवी मार्गिका बंद असल्याचे सांगे. दुसरा आभार मानी. कोणी कोणाला ओळखत नव्हते. एका रात्री दाट धुके होते, आणि एक माणूस वजनकाट्यापाशी थांबून, मागून येणाऱ्यांना वेग कमी करा असे पुन्हापुन्हा सांगत राहिला. त्याला उत्तर आले की नाही, हे त्याला महत्त्वाचे वाटत नसावे. हा संच पन्नास वर्षांपूर्वी अशाच बोलण्यासाठी घडवला गेला आणि झाकणाच्या आतले ते हँडल अशाच रात्री कोणीतरी उच्चारले असेल. आम्ही क्रिस्टल काढल्यावर हे यंत्र ते बोलणे पुन्हा कधीही ऐकणार नव्हते. दोन्ही पट्टे ठेवावे, मध्ये एक खटका बसवावा, असे काही जण करतात. पण कॉइल एका वेळी एकाच स्वरात नीट लागतात, आणि आतून बदललेला संच सीबीवर बोलण्यासाठी वापरणे अमेरिकेच्या नियमांत बसत नाही. निवड करावीच लागली.

आम्ही बदल केला, कारण तसे शेकडो संच अजून ट्रकांत आहेत आणि हा एक कोणाच्या तरी टेबलाखाली धूळ खात होता. परंतु रूपांतर करणाऱ्यावर एक ऋण राहते असे आमचे मत झाले. मराठीत याची दोन उदाहरणे आपल्यापुढे आहेत. एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, अपपाठ काढले. ते कार्य थोरच; पण काढले ते काय होते हे त्या शुद्ध प्रतीतून कळत नाही, आणि म्हणून एकनाथपूर्व प्रतींचा शोध अभ्यासकांना घेत राहावे लागले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९पासून १९६६पर्यंत खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा रीत निराळी होती : संपादकांनी एक पाठ स्वीकारला, आणि नाकारलेले पाठ पानाच्या तळाशी छापले. ज्याला निवड मान्य नसेल, त्याला परत जायची वाट खुली राहिली. पहिल्या रीतीत कृती जगते. दुसऱ्या रीतीत तिच्याबरोबर तिचे दुसरे होणे शक्य असण्याची आठवणही जगते.

आमच्या संचाला तळटीप द्यायला जागा थोडी होती. काढलेला ११.८०६६चा क्रिस्टल एका कागदी पाकिटात घालून ते पाकीट ट्रान्सफॉर्मरमागच्या मोकळ्या कोपऱ्यात चिकटवले. ज्या सात कॉइल फिरवल्या त्यांची नावे आणि प्रत्येकीला किती फेरे दिले, हे नकाशाच्या प्रतीवर लाल शाईने लिहून ती घडी करून तळाशी ठेवली. जोडलेल्या ट्रान्झिस्टरच्या पायापाशी एक बारीक खूण केली. झाकणावरचे हँडल आणि अधोरेखित १९ पुसले नाही. त्याखाली आम्ही पेन्सिलीनेच लिहिले : २९.१८५. मग झाकण लावून चार स्क्रू आवळले.